टोचण्याचे औषध पोटातून

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली की पुष्कळदा बेंबीच्या बाजूला सुई टोचतात. सुईत असते हेपॅरिन, रक्त गोठू न देणारे औषध. गरोदर बाईला ते कधी कधी महिनोन्‌महिने रोज घ्यावे लागते. वॉरफॅरिनच्या गोळ्या असतात, पण वॉरफॅरिन वारेतून बाळापर्यंत पोचून त्याला अपाय करू शकते. हेपॅरिन वार ओलांडत नाही. दवाखाना चार कोसांवर असला म्हणजे रोजची सुई किती जड जाते, हे तुम्हांला मी सांगायला नको. तुम्ही म्हणाल, "अहो, मग हेपॅरिनचीच गोळी का करीत नाहीत?"

१९१६ साली अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात रक्त गोठू न देणारे द्रव्य आढळले. शोधीत होता तो रक्त गोठवणारे, सापडले नेमके उलटे! त्यातूनच पुढे हेपॅरिन आले. आज ते बहुतेक डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढतात. गंमत अशी, की आतड्यातून काढलेल्या या औषधाला आपले आतडे काही आत घेत नाही. त्याचा रेणू लांबलचक साखळीसारखा, शिवाय ऋण विद्युतभाराने भरलेला. आतड्याच्या अस्तरावरही ऋणभारच. लोहचुंबकांची सारखी टोके एकमेकांना ढकलतात, हे गुरुजींनी वर्गात दाखवले असेल. तसाच हा प्रकार. जठरातले आम्ल त्याची नासधूस करते, ते वेगळेच.

यावर शोधलेली युक्ती म्हणजे नॅनोकण. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. हे कण अशा काही शे नॅनोमीटरांचे. कोळंबी सोलून आपण कवचे फेकतो ना, तसल्या कवचांपासून कायटोसान नावाचे द्रव्य करतात. ते धनभाराचे. म्हणून ऋणभाराच्या हेपॅरिनला धरून ते इवलीशी पुरचुंडी बांधते. ही पुरचुंडी आतड्याच्या बुळबुळीत थराला चिकटते, पेशींमधल्या फटी थोडा वेळ सैल करते, आणि औषध आत सरकते. फ्रान्समधील नान्सी येथील संशोधकांनी २००२ साली दुसऱ्या द्रव्यांचे नॅनोकण करून सशांना तोंडावाटे हेपॅरिन दिले, तेव्हा त्यांचे रक्त गोठायला जास्त वेळ लागू लागला.

मग अडले कोठे? मापात. रोज औषध किती रक्तात उतरेल याचा नेम हवा. कमी पडले तर गुठळी, जास्त झाले तर रक्तस्राव. आणि पोट भरलेले की रिकामे, एवढ्यानेही हिशेब बदलू शकतो. म्हणून ही गोळी अजून रोजच्या वापरात आलेली नाही, आणि घरात कोणाची सुई चालू असेल तर ती डॉक्टरांना न विचारता थांबवू नये. गरोदर बाईसाठी तर आणखी एक प्रश्न आहे: हेपॅरिन वार ओलांडत नाही खरे, पण त्याच्या पुरचुंडीचे काय? तेही तपासून पाहावे लागेल.