टाकी मोठी घ्या, घाई मात्र नको

पहिलीच प्रवाळटाकी असेल तर छोटी घ्यावी, हा सल्ला सोयीचा वाटतो. पण पाण्याचे गणित उलट सांगते. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात. पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात. १०० लिटरच्या टाकीतून ४ लिटर पाणी उडाले की हे प्रमाण ३६.५वर जाते, ४०० लिटरमधून तेवढेच उडाले तर जेमतेम ३५.४ होते. मोठ्या टाकीचा पृष्ठभाग मोठा, म्हणून पाणीही जास्त उडणार, हा आक्षेप रास्त आहे; पण टाकी खोल असेल तर साठ्याच्या मानाने घट कमीच पडते. ही घट रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरून काढावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

वजनाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. ४०० लिटर खारे पाणी सुमारे ४१० किलो भरते. काच, खडक आणि स्टँड धरून अर्ध्या टनाच्या पुढे. त्यामुळे फ्लॅटमध्ये आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावे. शिवाय मोठा आकारही घाई पोटात घालत नाही. अमोनियाचे नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू खडकाच्या छिद्रांत स्थिरावायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याखेरीज मासा सोडू नये. प्रवाळ कुठून आणायचे, हेही घाईत ठरवू नये: भारतात प्रवाळभित्ती रचणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. ते समुद्रातून उचलणे गुन्हा आहे. घरातल्या सौंदर्यासाठी समुद्र ओरबाडणे हा छंद नव्हेच.