बर्ली : साखर संपलेले पान

थोरले मामा पाइप ओढत. आमच्या निपाणीत ही गोष्ट नवलाचीच. अवतीभवती सगळी विडीची तंबाखू. शेतात तीच, वखारीत तीच. मामांची तंबाखू मात्र अमेरिकेहून येई. मुलगा सुटीवर आला की डबा घेऊन यायचा. डबा उघडताच कोको आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास माजघरापर्यंत पोचे. ‘ही बर्ली,’ मामा सांगत. ‘जिभेला चावत नाही. आणि मी धूर छातीत घेतच नाही.’

पुढे कृषी रसायनशास्त्र शिकलो तेव्हा कळले, की मामांची दोन्ही विधाने खरी होती. त्यांवरून त्यांनी स्वतःची जी समजूत करून घेतली होती, ती मात्र खरी नव्हती. का, ते सांगण्यासाठी आधी हे पान ओळखून घ्यायला हवे.

१८६४ साली ओहायो राज्यातील ब्राउन परगण्यात जॉर्ज वेब या शेतकऱ्याने बर्ली तंबाखूचे बी पेरले. बी नदीपलीकडच्या केंटकीतून, ब्रॅकन परगण्यातून आणलेले. त्यातली काही रोपे मळकट पिवळसर निघाली. रोगटच वाटावीत अशी. पण ती जोमाने वाढली. हरितद्रव्य कमी आणि देठ फिकट असलेले हे उत्परिवर्तन म्हणजेच पांढरी बर्ली. आज बर्ली म्हणतात ती हीच.

या पानाची चव शेतापेक्षा वखारीत ठरते. निपाणीकडे विडीची तंबाखू उन्हात वाळवतात. सिगारेटची व्हर्जिनिया जातीची तंबाखू भट्टीच्या उष्णतेवर आठवडाभरात वाळते. बर्लीला ना ऊन, ना भट्टी. अख्खे झाड बुंध्याशी कापायचे, काठीत ओवायचे आणि उंच, हवेशीर लाकडी वखारीत उलटे टांगून ठेवायचे. चार ते आठ आठवडे केवळ वाऱ्यावर.

तोडलेले पान लगेच मरत नाही. त्याचा श्वास चालू असतो. पानातल्या पिठाची साखर होते आणि ती साखर या श्वसनात खर्च होते. भट्टीत पान लवकर मरते, म्हणून साखर शिल्लक राहते. व्हर्जिनियात ती शेकडा पंधरा-वीसपर्यंत सापडते. बर्लीचे पान सावकाश मरते आणि मरता मरता स्वतःची साखर खाऊन टाकते. शेवटी उरते ती जेमतेम शेकडा एक किंवा त्याहूनही कमी. बर्लीचे सगळे गुणदोष या एका गोष्टीतून निघतात.

पहिला गुण चवीचा. गोडवा नाही, म्हणून जे उरते ते कोरडे, खमंग असते. लेक्सिंग्टनच्या मुक्कामात कुतूहलापोटी मी निव्वळ बर्लीचे मिश्रण पाइपमध्ये भरून पाहिले. पहिल्या झुरक्याला करपू न देता भाजलेल्या पावाची चव आली. मग बिनसाखरेचा कोको, मागोमाग अक्रोडाच्या सालीचा तुरटपणा. धूर दाट, पण तोंडात थंड. तंबाखू बारीक चौकोनी तुकड्यांत कापलेली असल्याने हळूहळू जळत होती. घाईने ओढले की मात्र कडवट व्हायची. वाटी अर्धी संपेपर्यंत मला उचकी लागली. नवख्यांना बर्लीची ही पावती हमखास मिळते, कारण तिच्यात निकोटीन भरपूर असते.

दुसरा गुण शोषून घेण्याचा. वाळलेले बर्लीचे पान सच्छिद्र असते. टीपकागदासारखे ते पाक पिते. साखर, ज्येष्ठमध, कोको यांच्या पाकात ते मुरवायचे आणि मग गरम हवेत भाजायचे. साखर आणि पानातली नत्रयुक्त द्रव्ये उष्णतेत एकत्र आली की पायराझिन वर्गातील संयुगे तयार होतात. भाजलेल्या शेंगदाण्यांना खमंगपणा देणारी संयुगेही याच वर्गातली. म्हणजे मामांच्या डब्याचा तो वास अर्धा पानाचा होता, अर्धा कारखान्याचा. १९०७ साली बाजारात आलेली प्रिन्स अल्बर्ट ही पाइपची तंबाखू बर्लीचीच, आणि १९१३ च्या कॅमल सिगारेटच्या मिश्रणातही बर्लीला महत्त्वाचे स्थान होते.

आता मामांच्या विधानांकडे येऊ. साखर जळताना आम्ले तयार होतात, म्हणून व्हर्जिनियाचा धूर आम्लधर्मी असतो. बर्लीचा धूर अल्कधर्मी बाजूला झुकतो. अशा धुरात निकोटीन मोकळ्या रूपात असते आणि तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. घशाला मात्र असा धूर ठसका आणतो. तेव्हा मामा धूर छातीत घेत नव्हते तो काही संयम नव्हे. त्यांना तशी गरजच नव्हती. तलफ तोंडातच भागत होती.

आणि धूर थंड लागला म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. बर्लीला नत्रखत भरपूर लागते. पानात साठलेल्या नायट्रेटपासून वाळवणीच्या काळात सूक्ष्मजीव नायट्राइट बनवतात. त्याचा तंबाखूतल्या अल्कलॉइडांशी संयोग होऊन नायट्रोसमाइन वर्गातील द्रव्ये तयार होतात. त्यांपैकी दोन, एनएनएन आणि एनएनके, यांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकले आहे. एनएनएनचे प्रमाण बर्लीत व्हर्जिनियापेक्षा बरेच जास्त असते. ज्या संथ वाळवणीने चव येते, त्याच वाळवणीत हे विषही मुरते.

मामांच्या जिभेखाली पांढरा चट्टा दिसला तेव्हा ते एकाहत्तर वर्षांचे होते. एका माणसाच्या आजाराचे खापर एका डब्यावर फोडता येत नाही, हे विज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मी जाणतो. शस्त्रक्रियेनंतर त्यांना नीट बोलता येत नसे. एकदा त्यांनी पाटीवर लिहून विचारले, ‘चावत तर नव्हती?’

तेव्हा मला उत्तर देता आले नाही. आज देता येते : मामा, तुम्ही जिभेची साक्ष काढलीत. जिभेला साखर कळते, कडू कळते, चटका कळतो. एनएनएन कळत नाही.

डबा अजून माझ्याकडे आहे. रिकामा आहे, पण उघडला की अजूनही शेंगदाण्यांचा वास येतो.