लाल लाइट, साउंड टाइट!

टीव्ही दिवसेंदिवस सडपातळ होत चाललेत आणि त्यांचा आवाजही. साहजिक आहे. बोटभर जाडीच्या डब्यात स्पीकर बसवायचा तरी कुठे? तो बिचारा खाली नाहीतर मागे, भिंतीकडे तोंड करून बसतो. हीरो कुजबुजला म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवायचा आणि तेवढ्यात डिटर्जंटच्या जाहिरातीने किंचाळायचं, हे रोजचंच. मग ईएमआयवर साउंडबार येतो, किंवा माळ्यावरचा जुना म्युझिक सिस्टिम खाली उतरतो. आणि प्रश्न पडतो, हे सगळं जोडायचं कशानं?

टीव्हीच्या मागे बघा. एक चौकोनी, नखाएवढं सॉकेट असतं, त्यावर छोटीशी झडप. ‘ऑप्टिकल’ किंवा ‘डिजिटल ऑडिओ आउट’ असं लिहिलेलं. टीव्ही चालू असताना बहुतेक वेळा आत लाल उजेड दिसतो. तोच तुमचा आवाज! तोशिबा कंपनीने १९८३ मध्ये आपले सीडी प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरला जोडण्यासाठी ही सिस्टिम काढली, म्हणून तिचं नाव टॉसलिंक. एलईडीचा लाल प्रकाश प्लॅस्टिकच्या साधारण १ मिलिमीटर जाड तंतूतून लुकलुकत जातो. सीडीच्या क्वालिटीचा आवाज म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख बिट्स. धातूची तार नाही, करंट नाही, नुसता प्रकाश.

आता मॉलमधल्या चकाचक शोरूममधला सीन ऐका. मी केबल मागितली, तर सेल्समनने मखमली खोक्यातून एक काढली. ‘‘मॅडम, गोल्ड प्लेटेड आहे. बास एकदम डीप येतो.’’ किंमत चार आकडी. मी म्हटलं, ‘‘दादा, यातून लाइट जातो ना? मग सोनं कशाला?’’ तो गोड हसला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

सोन्याचा मुलामा तांब्याच्या तारेच्या प्लगला देतात, कारण सोनं गंजत नाही. प्रकाशाला त्याचं काय सोयरसुतक? डिजिटल केबल खराब असेल तर आवाज तुटतो, टिकटिक होते, किंवा सगळंच गप्प. ‘बास थोडा कमी’, ‘आशाताईंचा आवाज थोडा कोरडा’ असं काही होत नाही. तीच केबल, तशीच जाडी, मला तपकीर गल्लीत अडीचशे रुपयांत मिळाली. उरलेल्या पैशात आम्ही तिघं जेवून आलो, वर मस्तानीसुद्धा झाली.

पण थांबा, अडीचशे तरी का घालवायचे? तुमचा टीव्ही आणि साउंडबार दोन्ही नवे असतील, तर एचडीएमआयच्या सॉकेटवर ‘एआरसी’ लिहिलंय का ते आधी बघा. २००९ पासून ही सोय आहे. तीच वायर आवाजही नेते आणि टीव्हीच्याच रिमोटने साउंडबारचा व्हॉल्यूम कमीजास्त होतो. ऑप्टिकलला हे जमत नाही, तिथे दोन रिमोट सांभाळायचे. डॉल्बी अ‍ॅटमॉसचं स्टिकर बघून साउंडबार घेतला असेल तर ऑप्टिकल विसराच. तिच्यातून साधा स्टिरिओ जातो, किंवा जुन्या पद्धतीचा दाबून बसवलेला ५.१, त्यापुढे नाही. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ ला तर हे सॉकेट दिलेलंच नाही. थोडक्यात, ही केबल आता रिटायरमेंटच्या वाटेवर आहे.

मग मी तिच्यावर पानभर का लिहितेय? बाबांच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे.

तो त्यांनी ऐंशीच्या दशकात, पहिल्या बोनसमधून घेतला. लाकडी पेटी, जाडजूड नॉब, मागे लाल-पांढरी सॉकेट्स. आई गेली दहा वर्षं भंगारवाल्याला आवाज देते आणि बाबा गेली दहा वर्षं त्याला दारातूनच परत पाठवतात. रिटायर झाल्यावर त्यांना यूट्यूबवरच्या नाट्यसंगीताच्या मैफली सापडल्या, त्याही त्यांना याच स्पीकरवर ऐकायच्या. टीव्हीच्या हेडफोन सॉकेटमधून वायर टाकली, तर गाण्याच्या आधी ‘घुंऽऽऽ’. तंबोरा नव्हे, विजेचा गुंजारव! गाणं थांबलं तरी चालूच.

याला ग्राउंड लूप म्हणतात. टीव्हीचं अर्थिंग एका वाटेने, अ‍ॅम्प्लिफायरचं दुसऱ्या, डिशची वायर गच्चीवरून तिसऱ्याच वाटेने. मधे ऑडिओची तार जोडली की चक्र पूर्ण होतं आणि मेन्सचा ५० हर्ट्‌झचा करंट त्यातून फिरायला लागतो. जुन्या बिल्डिंगांमध्ये, जिथे वायरिंगला तीन पिढ्यांनी ठिगळं लावलीत, तिथे हा त्रास हमखास.

बाबांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत उपाय सांगितला. ‘‘काका, थ्री-पिनची वरची जाडी पिन काढून टाकतो. आवाज बंद.’’

आवाज खरंच बंद होतो. आणि धोका तिथेच आहे, कारण काम झालंसं वाटतं. ती जाडी पिन म्हणजे अर्थिंग. तीस-चाळीस वर्षं जुन्या यंत्रात एखादी तार आत सुटून लोखंडी पेटीला टेकली, तर करंट त्या पिनेतून जमिनीत जायचा. पिनच नसेल तर तो वाट बघत बसतो, कोणीतरी ओल्या हाताने नॉब फिरवेपर्यंत. आमच्याकडे नॉब फिरवणारा माणूस एकच आहे. मी पकड त्याच्या हातातून काढून घेतली.

ऑप्टिकल केबलचा खरा फायदा इथे कळतो. तिच्यात धातूच नाही, त्यामुळे चक्र तुटतं आणि पिन जागच्या जागी राहते. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरला ऑप्टिकल सॉकेट नसतं, म्हणून मधे काडेपेटीएवढा कन्व्हर्टर लागतो. एका बाजूने लाल लाइट आत, दुसऱ्या बाजूने लाल-पांढऱ्या वायरी बाहेर. काही शे रुपयांत मिळतो. मात्र त्याची पॉवर टीव्हीच्या यूएसबीमधून घेऊ नका. तारेने टीव्ही आणि अ‍ॅम्प्लिफायर परत जोडले जातात आणि ‘घुंऽऽऽ’ पाहुण्यासारखं पुन्हा हजर होऊ शकतं. मोबाइलचा दोन पिनचा जुना चार्जर वापरा, सुटलो.

दुसरी गोची सेटिंगची. यूट्यूब छान वाजतंय आणि ओटीटीवर सिनेमा लावला की खरखर किंवा शांतता, असं झालं तर केबलला शिव्या घालू नका. टीव्ही डॉल्बी पाठवतोय आणि स्वस्त कन्व्हर्टरला ते उलगडता येत नाही. टीव्हीच्या साउंड मेनूत जा, ‘डिजिटल आउटपुट’ ‘ऑटो’वरून ‘पीसीएम’वर टाका. साउंडबारला स्वतःला डॉल्बी कळत असेल तर उलट, ‘ऑटो’च ठेवा.

केबल घेताना बघायचं काय, तर लांबी. घरून सुतळीने मोजून जा, त्यात फूटभर जास्त धरा. ५ मीटरपर्यंत बिनधास्त. त्याहून लांब प्लॅस्टिकच्या तंतूत प्रकाश मंदावत जातो आणि आवाज तुटायला लागू शकतो. प्लग सॉकेटमध्ये ‘टक्’ करून बसला पाहिजे, लोंबकळता नको. त्याच्या एका बाजूचे कोपरे कापलेले असतात, ते जुळवूनच घाला, जोर लावलात तर झडप तुटेल. टीव्ही भिंतीला चिकटलेला असेल तर काटकोनातला प्लग मागा, कारण केबल काटकोनात मोडली की आतला तंतू कायमचा दुखावतो. उरलेल्या लांबीची बशीएवढी सैल गुंडाळी करा. आवरलेलं दिसावं म्हणून करकचून रबरबँड लावण्याची हौस इथे नको.

आणि हो, नव्या केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक टोप्या असतात, इतक्या नितळ की दिसतच नाहीत. त्या काढल्याशिवाय प्लग बसत नाही आणि दुकानदार आपल्याला वेड्यात काढतो. टोप्या फेकू नका. पुढच्या वेळी भाड्याचा फ्लॅट बदलाल तेव्हा पॅकिंगमध्ये त्याच धूळ अडवतील.