फाटलेला आवाज आणि तंबोऱ्याची जवारी

कासुर्डीसारख्या गावात यात्रेच्या दिवशी कर्ण्याचा आवाज फार वाढवला की तो फाटतो. गाणे तेच असते, पण त्यात खरखर मिसळते. आपण वैतागून म्हणतो, "अरे, आवाज कमी करा!" गंमत अशी की नेमका असाच फाटलेला आवाज मिळावा म्हणून गिटारवादक पैसे मोजून एक छोटी पेटी विकत घेतात. पायाने दाबायच्या या पेटीला 'फझ पेडल' म्हणतात. आवाज बिघडतो म्हणजे नेमके काय होते, हे वर्गात समजावून देण्यासाठी ही पेटी फार सोयीची आहे.

वर्धकाला ठरावीक उंचीपेक्षा मोठा विद्युत तरंग बाहेर देता येत नाही. त्याहून उंच तरंग आला तर त्याचे माथे कापले जातात. आलेखाच्या कागदावर गोलसर तरंग काढा आणि पट्टी ठेवून त्याचे वरचे व खालचे टोक सपाट करा. झाला फाटलेला आवाज! तरंगाचा आकार बदलला की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर त्यात येतात. गिटारची ११० हर्ट्‌झची तार छेडली आणि तरंग दोन्ही बाजूंनी सारखाच कापला, तर ३३०, ५५० असे विषम पटीतले उपस्वर वाढतात. एक बाजू जास्त कापली, तर २२०, ४४० हे सम पटीतलेही येतात.

याची सुरुवात एका बिघाडातून झाली. अमेरिकेत नॅशव्हिल येथे १९६० साली मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रातल्या दोषामुळे गिटारचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. मग १९६२ मध्ये तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टरची 'माएस्ट्रो फझ-टोन' ही पेटी बाजारात आली.

पुढे अनेक पेट्या निघाल्या. त्यांतल्या तीन जाती आपण पाहू.

पहिली, १९६६ ची 'फझ फेस'. हिच्यात अवघे दोन ट्रान्झिस्टर. तरंगाची एक बाजू दुसरीच्या आधी कापली जाते. जर्मेनियमच्या पेटीत कापलेल्या कडा काहीशा गोल राहतात, म्हणून आवाज मऊ वाटतो. मात्र जर्मेनियममधून होणारी विद्युतगळती तापमानाबरोबर वाढते. त्यामुळे तीच पेटी उन्हात वेगळी वाजते. पुढे सिलिकॉन आले. आवाज अधिक धारदार झाला, पण उन्हाची काळजी मिटली.

दुसरी, 'बिग मफ'. हिच्यात चार ट्रान्झिस्टर असतात आणि उलटसुलट जोडलेले डायोड तरंगाला दोन टप्प्यांत, दोन्ही बाजूंनी कापतात. तारेचे कंपन मंदावले तरी तरंग कापण्याच्या उंचीपेक्षा मोठाच राहतो. म्हणून बाहेर पडणारा स्वर बराच वेळ सारख्याच जोराने टिकतो.

तिसरी, 'ऑक्टेव्हिया'. ही तरंगाचे खळगे उलटे करून त्यांचे उंचवटे बनवते. बारावीच्या पुस्तकातला पूर्णतरंग एकदिशकारक तो हाच! उंचवट्यांची संख्या दुप्पट झाली, म्हणजे ११० चे २२० झाले. स्वर एक सप्तक वर चढला.

आता प्रश्न असा, की उपस्वरांमुळेच आवाज श्रीमंत होत असेल, तर यात्रेतला कर्णा कानाला का टोचतो? उत्तरासाठी मिरजेला जाऊ. फरीदसाहेब शिकलगार यांच्यापासून एकोणिसाव्या शतकात तिथे तंतुवाद्ये बनू लागली. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उताराची असते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून जागा जुळवली की कंप पावणारी तार घोडीला पुन्हा पुन्हा हलकेच शिवते आणि झंकार उमटतो. हीच जवारी. येथेही तारेच्या साध्या हालचालीत अडथळा आणून उपस्वर वाढवले जातात. तार ज्या बिंदूवर छेडल्यास एखादा उपस्वर उमटू नये, तिथे छेडली तरी तो ऐकू येतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये दाखवून दिले.

पण एक मोठा फरक आहे. तंबोऱ्यात प्रत्येक तारेचा दोरा आणि घोडीवरचा स्पर्श स्वतंत्र असतो. फझमध्ये सगळ्या तारांचा एकच मिश्र तरंग कापला जातो. त्यामुळे स्वरांच्या बेरजा-वजाबाक्याही ऐकू येतात. सा २०० आणि प ३०० हर्ट्‌झ असेल, तर १००, ४००, ५०० असे स्वर निर्माण होतात. सगळे १०० च्या पाढ्यातले, म्हणून गोड. शिवाय १०० म्हणजे खालचा सा! पण गिटारच्या पडद्यांवर शुद्ध गंधार २५० ऐवजी सुमारे २५२ येतो. मग ५२, १४८, ३०४ असे स्वर तयार होतात. त्यांचा मेळ बसत नाही आणि गोंगाट होतो. म्हणूनच फझ लावल्यावर वादक बहुधा सा-प ची जोडी वाजवतात.

कर्ण्यातून तर गायक, पेटी, ढोलकी सारे एकत्रच कापले जाते. दोष केवळ कापण्यात नाही. काय कापले, किती कापले आणि एकट्याला कापले की सगळ्यांना मिळून, यावर जवारी की गोंगाट हे ठरते. विद्यार्थ्यांना तंबोरा आणि फाटका कर्णा दोन्ही ऐकवा आणि हा फरक त्यांनाच शोधू द्या.