विश्लेषण : रूपक सुचते की सरावाने घडते? कुडाळचा कवी, जांभ्याचा चिरा आणि रोजची दहा मिनिटे

घरातले माणूस जाते. त्याच्याबद्दल चार ओळी लिहायच्या असतात आणि हाताशी येते ते ‘आधारवड कोसळला’, ‘मायेचे छत्र हरपले’. शब्द खोटे नसतात, पण ते कोणालाही लागू पडतात. आपले माणूस त्यांत दिसत नाही. नेमके रूपक लिहिण्याची गरज अशा वेळी कळते.

उपमा आणि रूपक यांत फरक काय?

दहावीच्या व्याकरणात हे येते. ‘आजीचे हात चिऱ्यासारखे खरखरीत’ ही उपमा. ‘आजीचे हात जणू चिरेच’ ही उत्प्रेक्षा. ‘आजीच्या हातांचा चिरा आता भेगाळला’ असे म्हटले की हात आणि चिरा एकच झाले. हे रूपक. ज्याबद्दल बोलायचे ते उपमेय, ज्याच्याशी जोडायचे ते उपमान आणि दोघांना बांधणारा तो समान गुण. हा गुण खरा नसेल, तर वाक्य नुसते सजलेले राहते.

ही देणगी असते की सराव?

दोन्ही. ‘आरती प्रभू’ या नावाने कविता लिहिणारे चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०-१९७६) मुंबईला जाण्यापूर्वी कुडाळात खानावळ चालवत होते. ‘जोगवा’ हा त्यांचा संग्रह १९५९ मध्ये आला. ‘नक्षत्रांचे देणे’ला मरणोत्तर साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशी प्रतिभा सरावाने येत नाही. पण सरावाने काय साधते, तेही याच मुलखात दिसते. दशावतारात परंपरेने लिखित संहिता नसते. कथानक ठरते, संवाद मात्र नट रंगमंचावरच रचतो. जत्रांच्या हंगामात रात्रीमागून रात्री उभे राहिल्यावर शब्द जिभेवर येतात. ज्ञानेश्वरीतही एकच विचार समजावण्यासाठी दृष्टांतामागून दृष्टांत येतात.

पहिले सुचलेले का टाळावे?

कारण आपण जे सर्वाधिक वेळा ऐकलेले असते, तेच आधी सुचते. चेहरा म्हटले की चंद्र, आई म्हटले की सावली. सरावाचा पहिला उपयोग हाच : वापरून गुळगुळीत झालेल्या प्रतिमा ओळखता येतात आणि त्यांच्या पुढे जाता येते.

रोजच्या दहा मिनिटांत काय करायचे?

१. आसपासची एक वस्तू घ्या. तिचे पाच खरे गुण लिहा. तुलना अजून नको.

उदाहरणार्थ, जांभ्याचा चिरा. खाणीतून काढताना तुलनेने मऊ असतो. वाऱ्या-उन्हात राहिला की टणक होतो. अंगभर छिद्रे असतात. पाणी मुरते. रंग तांबडा.

२. आता एक माणूस किंवा भावना घ्या आणि कोणता गुण जुळतो ते पाहा.

३. पहिल्या तीन ओळी खोडा. ‘वडील गेल्यावर दादा दगड झाला’ हे त्यातच जाईल. दगड कोणीही होते.

४. ‘सारखा’, ‘जणू’ काढून पाहा. ‘वडील गेले आणि दादाचा चिरा झाला. खाणीतून निघाला तेव्हा मऊ होता. उघड्यावर राहून टणक झाला. पावसाळ्यात मात्र अजून पाझरतो.’ इथे दादा दिसतो, कारण चिऱ्याचे दोन गुण खरे आहेत.

५. आठवड्याने मोठ्याने वाचा. हेच वाक्य दुसऱ्या कोणाबद्दल जसेच्या तसे चालते का? चालत असेल तर ते अजून पिकलेले नाही.

चुका कुठे होतात?

एकाच वाक्यात दोन प्रतिमा भांडतात. ‘आयुष्याच्या नौकेला संकटांची ठेच लागली’ यात नौकेला पाय फुटले. दुसरी चूक हव्यासाची. परिच्छेदात एक चांगले रूपक पुरते. तिसरी, न पाहिलेल्या गोष्टींची उसनवारी. कुडाळातल्या मुलाने बर्फावर निबंध लिहिण्यापेक्षा भंगसाळ नदीचे गढूळ पाणी बघावे.

मालवणी शब्द वापरावेत का?

जरूर. चिरा, मांगर, रातांबा, सोलां हे शब्द वस्तूसोबत तिचा वापरही घेऊन येतात. वापर थांबला की शब्द जातो आणि त्यातून होऊ शकणारी रूपकेही जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांना रोज एक वस्तू दाखवून ‘हेका काय म्हणतत?’ एवढे विचारले, तरी वहीला महिन्याभराचा माल मिळतो.

फळ किती दिवसांनी दिसते?

तारीख सांगता येत नाही. सोलां करताना रातांब्याची साल एकदाच वाळवून भागत नाही. मीठ लावून, रसात बुडवून ती उन्हात घालतात. पुन्हा रस, पुन्हा ऊन. दरवेळी रंग थोडा गडद होतो. वहीतल्या ओळीचेही तसेच. आज लिहिलेली फिकी वाटली तरी फाडू नका. उद्या तिला आणखी एक पूट द्या.