रस्त्याकडेचा दगडी क्रूस हलवला तर बिघडतं काय?

आज बोलूया इंग्लंडमधल्या मध्ययुगीन दगडी क्रुसांबद्दल. चर्चमधल्या नाही, वाटेच्या कडेला एकट्याने उभ्या असलेल्या. यातले बहुतेक ९व्या ते १५व्या शतकात उभारले गेले. देशभरात असे साडेतीनशेहून जास्त क्रूस माहीत आहेत. त्यातले बरेचसे नैऋत्येला, डेव्हन आणि कॉर्नवॉलमध्ये.

हे उभारले कशाला? श्रद्धा तर होतीच. पण दुसरं कारण अगदी व्यवहाराचं होतं: वाट दाखवणं. डेव्हनमधलं डार्टमूर म्हणजे उघडं माळरान. त्यात दाट धुकं आणि पायाखाली दलदल. तिथे बकफास्ट आणि टॅव्हिस्टॉक या दोन मठांकडे जाणाऱ्या वाटांवर ग्रॅनाइटचे क्रूस भेटत जातात. मॅपवरची पिनच समजा, फक्त दगडाची!

एक उदाहरण सांगतो. डार्टमूरवरच्या नन्स क्रॉसचं जुनं नाव सिवर्ड्स क्रॉस. १२४० साली तिथल्या राजाच्या राखीव रानाची हद्द ठरवली, तेव्हा खूण म्हणून त्याची नोंद झाली. १९व्या शतकात तो मोडला, मग लोखंडी पट्ट्यांनी जोडला. आजही तो त्याच परिसरात उभा आहे, म्हणून ती जुनी हद्द जमिनीवर दाखवता येते.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. कित्येक क्रूस उचलून फाटकाचे खांब म्हणून वापरले गेले, काही बागांत शोभेला गेले. दगड राहिला, पण तो कुठली वाट दाखवत होता तेच कळेनासं झालं.

म्हणून तिथला कायदा जागेलाही जपतो. पहिला कायदा १८८२चा, सध्याचा १९७९चा. सरकारी यादीत नोंदलेला क्रूस तुमच्या स्वतःच्या शेतात असला, तरी परवानगीशिवाय हलवता येत नाही. साधी डागडुजीही करता येत नाही. संरक्षित जागेत विनापरवाना मेटल डिटेक्टर फिरवला तरी गुन्हा.

आपल्याकडच्या वीरगळांचंही असंच आहे बघा. लढाई कुठे झाली, गाव कुठे होतं, याचा धागा त्या दगडाच्या जागेत असू शकतो. तेव्हा ट्रेकला एखादा दिसला तर उचलून देवळाशी नेऊ नका, शेंदूर किंवा ऑइलपेंट फासू नका. फोटो काढा, लोकेशन सेव्ह करा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. एवढं तर फोनवरून होतंच ना?