नाताळची भेट, घरच्याच वेष्टनात



मागच्या डिसेंबरात आमच्या वर्गात नाताळच्या भेटी झाल्या. चिठ्ठ्या टाकायच्या आणि ज्याचे नाव निघेल त्याच्यासाठी काहीतरी आणायचे. बाईंनी बजावले होते, दहा रुपयांच्या वर खर्च नको, घरी केलेली वस्तू असली तर उत्तमच. पण झाले काय, की वस्तू दहाची आणि वरचा चकचकीत कागद, फीत, चिकटपट्टी मिळून वीस-पंचवीसची! एका मुलाने तर भेट दप्तरातून काढलीच नाही. "विसरलो," म्हणाला. मधल्या सुट्टीत त्याने ती मला गुपचूप दाखवली. बाभळीच्या लाकडाचा भोवरा होता, आजोबांजवळ बसून तासलेला, आर अगदी मधोमध बसवलेली. असला भोवरा बाजारात मिळायचा नाही. पण सगळ्यांचे चमकते अन् आपले नुसतेच, म्हणून तो भोवरा होता तसा घरी परत गेला.

त्यावरून हा लेख लिहायचे ठरले.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (पूर्वीचा अहमदनगर) श्रीरामपूर, राहुरी, राहाता या बाजूला बरीच ख्रिस्ती कुटुंबे आहेत. नाताळला करंज्या, शंकरपाळे, चकल्या यांची ताटे शेजारीपाजारी जातात. त्या ताटावर काय असते? धुतलेला रुमाल. रुमाल आणि ताट परत येते, पुढच्या वर्षी पुन्हा जाते. म्हणजे वेष्टन फुकटात कसे करायचे हे आपल्या घरात आधीपासून ठाऊक आहे, आपणच विसरतो.

कापडापासूनच सुरुवात करू. जपानात कापडात वस्तू बांधण्याची जुनी पद्धत आहे, तिला फुरोशिकी म्हणतात. 2006 साली तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी कागद-पिशव्यांचा कचरा कमी व्हावा म्हणून तिचा मुद्दाम प्रचार केला. पाहिले तर आपले गाठोडेच की! चौकोनी फडके तिरपे अंथरायचे, वस्तू मधोमध ठेवायची. समोरासमोरची दोन टोके वस्तूवर दुमडायची आणि उरलेल्या दोन टोकांची वर गाठ मारायची. फडके केवढे हवे? त्याचा कर्ण वस्तूच्या लांबीच्या तिप्पट. कंपासपेटी 20 सेंमी असेल तर कर्ण 60 सेंमी, म्हणजे साधारण हातभर बाजूचे फडके पुरते. (सातवीत कर्ण कशाला शिकायचा, असे कुणी विचारले तर हे दाखवा.) आजीच्या विरलेल्या लुगड्याचा काठ जपून फाडला तर फीत विकत घ्यायला नको. मात्र आधी आजीला विचारा. मी विचारले नव्हते, त्याचे पुढे काय झाले ते इथे लिहीत नाही.

आता कागद. वाण्याच्या दुकानात पुडी कशी बांधतात ते कधी नीट बघितले आहे का? चिकटपट्टी नाही, टाचणी नाही. चौकोनी कागदाचा शंकू करायचा, खालचे टोक वर मुडपायचे, आत वस्तू घालायची आणि वरचा भाग आत खोचून दोऱ्याचे चार वेढे द्यायचे. गोट्या, खडीसाखर, बांगड्या, भोवरा, सगळे यात बसते. चौकोनी वस्तूला मात्र माप घ्यावे लागते. कंपासपेटी 20 लांब, 8 रुंद, 2 उंच धरली तर भोवतालचा वेढा 8 आणि 2 च्या बेरजेची दुप्पट, म्हणजे 20. एकावर एक यायला आणखी 3. दुसऱ्या बाजूने लांबी 20 आणि दोन्ही टोकांना दोन-दोन, म्हणजे 24. तेव्हा 23 बाय 24 सेंमीचा कागद बस्स झाला. वर्तमानपत्राच्या एका पानात असे दोन तुकडे निघतात. माप न घेता अंदाजाने कापले की अर्धा कागद वाया जातो, हा माझा अनुभव.

चिकटवायला कणकेची खळ चालते. पाण्यात कणीक कालवून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत हलवत राहायचे, मोठे माणूस जवळ पाहिजे.

वर्तमानपत्र नुसते काळेपांढरे दिसते, त्याला रंग हवा. त्यासाठी भेंडी! जून भेंडी आडवी कापली की पाचपाकळ्यांची चांदणी तयारच असते. नाताळात दारावर तारा टांगतात, तो कागदावर असा उमटवता येतो. रंग म्हणून कपड्यांची नीळ किंवा गेरू घ्या. हळदीच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा टाकला की पिवळ्याचा लाल होतो, ती गंमत वेगळीच. (सोड्याचा हात डोळ्याला लावू नका.) जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावरच्या खाकी कागदावर गेरू फार खुलतो. वर तुळशीची मंजिरी किंवा सुरूची लहानशी डहाळी सुतळीने बांधली की झाले.

एक महत्त्वाचे, आणि हे पालकांसाठीही. खाऊ थेट वर्तमानपत्रात बांधू नका. छपाईची शाई अन्नाला लागते. 2018 च्या सरकारी नियमांत त्याला मनाईच आहे. खाऊ आधी केळीच्या पानात किंवा डब्यात, मग वर कागद. केळीचे पान आचेवरून अलगद फिरवले की मऊ पडते आणि दुमडताना फाटत नाही.

चकचकीत कागद खरा कागद आहे का, हे ओळखायची युक्ती बाईंनी दाखवली. मुठीत चुरगाळा आणि सोडा. गोळा तसाच राहिला तर कागद, आपोआप उलगडला तर त्यात प्लॅस्टिक. आम्ही मागच्या वर्षीचे तुकडे तपासले, बहुतेक उलगडले! ते शेणखताच्या उकिरड्यात कुजत नाहीत आणि बंबात जाळायचे तर धूर वाईट.

या नक्षीदार कागदाची कथाही ऐका. अमेरिकेत कॅन्सस सिटी गावी हॉल बंधूंचे दुकान होते. 1917 च्या नाताळात भेटी गुंडाळायचा साधा पातळ कागद संपला. मग त्यांनी पाकिटांना आतून लावायचा नक्षीचा कागद काढून विकायला ठेवला आणि तो बघता बघता खपला. पुढे त्यातून मोठा धंदा उभा राहिला. म्हणजे तोही मुळात हाताशी होते त्यावर भागवलेलाच प्रकार.

यंदा भेटी 24 तारखेला, शेवटच्या तासाला आहेत. आदल्या दिवशी दुपारी वर्गात ठसे काढायचे आहेत. प्रत्येकाने दोन जून भेंड्या, एक जुने वर्तमानपत्र आणि हातभर सुतळी आणावी. नीळ आणि गेरू शाळेत आहे. कात्र्या तीनच आहेत, भांडू नये. विकतचा कागद कोणी आणला तर बाई तो काढून ठेवणार आहेत.

भोवरा यंदा येणार आहे, पुडीत. कोणासाठी ते विचारू नका, मी सांगणार नाही.